गळा कोणाचा, जमा कोणाच्या नावावर?

(संस्थेच्या वार्षिक व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही विषय कळवला तेव्हा कार्यकारिणीतील एक-दोन मंडळींच्या भुवया वर गेल्या. अमेरिकेतल्या गाण्यांच्या मागे उभे राहून 'ऊ' आणि 'आ' करणाऱ्या बायकांवर हा गृहस्थ अर्धा-पाऊण तास काय बोलणार, अशी शंका त्यांना आली असेल तर ती रास्तच आहे. आम्ही काही संगीताचे जाणकार नाही. कला शाखेची पदवी घेतली आणि बँकेच्या काउंटरमागे येऊन बसलो, तेथेच आमची वर्षे गेली. पण त्या खुर्चीने एक गोष्ट शिकवली. रक्कम कोणी आणून भरली याला महत्त्व नसते, स्लिपवर नाव कोणाचे लिहिले याला असते. नाव चुकले की पैसे दुसऱ्याच्या खात्यात जमा, आणि भरणारा मात्र काउंटरबाहेर उभा. आज आम्ही ज्या बायकांविषयी बोलणार आहोत, त्यांची सगळी कथा या एका स्लिपची आहे.

अमेरिकेतल्या काळ्या माणसाचा इतिहास आपल्याला परका नाही. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे १९४६ साली त्यांनी तिकडचे विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहून दोन्हीकडच्या प्रश्नांतील साम्य सांगितले. १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी संघटना काढली तेव्हा तिला पँथर हे नाव तिकडूनच घेतले. तिथल्या पुढाऱ्यांची आणि कवींची नावे आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही माहीत आहेत. पण ज्या काळ्या माणसांचा आवाज जगात घरोघर पोहोचला, रेडिओवरून पोहोचला, हॉटेलांत आणि लग्नांत वाजला, त्यांतल्या कितीतरी बायकांचे नाव खुद्द अमेरिकेतही कोणाला ठाऊक नव्हते.

आपल्याकडे शाहीर पोवाडा म्हणतो तेव्हा त्याच्या मागे झीलकरी असतात. शाहिराचा दम संपतो तेथे ते सूर उचलतात, त्याला श्वास घ्यायला जागा देतात आणि कडव्याला उठाव आणतात. झील नसेल तर चांगला शाहीरसुद्धा एकटा पडतो. अमेरिकेत ही झील काळ्यांच्या चर्चमध्ये घडली. गुलामीच्या काळात शेतात काम करताना एकाने म्हणायचे आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचे, ही रीत होती. तीच पुढे प्रार्थनेत आली. धर्मोपदेशक एक ओळ म्हणतो, समोरची माणसे त्याला सुरात प्रतिसाद देतात. आपण सगळे मिळून म्हणतो तेव्हा एकाच सुरात म्हणतो. तिकडे तिघी तीन वेगळ्या सुरांवर उभ्या राहतात, पण श्वास एकत्र घेतात आणि शब्द एकाच क्षणी सोडतात. हे ऐकायला सोपे वाटते. ज्यांना लहानपणापासून दर रविवारी याचा सराव आहे त्यांनाच ते जमते.

त्यापूर्वी लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत मागे गाणारे बहुतेक गोरे असत. समोर स्वरलिपीचा कागद ठेवायचा, त्यावर असेल तेवढे नीटनेटके गायचे आणि घरी जायचे. १९५० नंतरच्या दशकाच्या शेवटी तेथे 'ब्लॉसम्स' नावाचा काळ्या मुलींचा गट शिरला. त्यांच्या गाण्यात चर्च होते. कागदावर नसलेले काहीतरी त्या आणत, आणि एकदा ते ऐकल्यावर निर्मात्यांना तेच हवे झाले. काम इतके वाढले की आज या गायकाच्या मागे, उद्या त्या गायकाच्या मागे, असे सुरू झाले. १९६४ साली सुरू झालेल्या 'शिंडिग' या दूरदर्शन कार्यक्रमात त्या नेहमीच्या होत्या. १९६८ साली एल्व्हिस प्रेस्लीने दूरदर्शनवर जो गाजलेला पुनरागमनाचा कार्यक्रम केला, त्यातही मागे ब्लॉसम्सच होत्या.

या गटातली मुख्य गायिका डार्लीन राइट. जन्म १९४१ चा, वडील धर्मोपदेशक. तिची हकिकत जरा सविस्तर सांगतो, कारण बाकीच्या बहुतेक हकिकती तिच्यात सामावतात.

१९६२ साली फिल स्पेक्टर नावाच्या तरुण निर्मात्याच्या हाती 'ही इज अ रेबेल' हे गाणे आले. हेच गाणे दुसरी कंपनीही ध्वनिमुद्रित करते आहे असे कळल्यामुळे त्याला घाई होती. त्याच्याकडे 'क्रिस्टल्स' नावाचा मुलींचा गट होता आणि त्या नावाला बाजारात पत होती. पण क्रिस्टल्स देशाच्या दुसऱ्या टोकाला, न्यूयॉर्ककडे. त्याने लॉस एंजेलिसमध्ये डार्लीन आणि तिच्या मैत्रिणींना बोलावले, गोल्ड स्टार स्टुडिओत गाणे करून घेतले, एकरकमी पैसे दिले आणि तबकडीवर छापले 'क्रिस्टल्स'. नोव्हेंबर १९६२ मध्ये ते गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले.

आता गंमत पाहा. गंमत कसली म्हणा! खऱ्या क्रिस्टल्स दौऱ्यावर होत्या. आपले नवे गाणे आले आहे हे त्यांना रेडिओवरून कळले. त्यासुद्धा काळ्या मुली, गरीब घरांतल्या. दुसरीचा आवाज रेडिओवर ऐकून पाठ करायचा आणि रात्री लोकांपुढे तो आपलाच म्हणून गायचा, ही पाळी त्यांच्यावर आली. म्हणजे एका स्लिपने दोघींनाही लुबाडले. एकीचा गळा गेला आणि दुसरीची अब्रू. क्रिस्टल्सना दोष देणारे लोक आहेत, आम्हाला ते पटत नाही. नाव छापणारा हात त्यांचा नव्हता.

पुढचे गाणे तुझ्या नावावर काढू, असे डार्लीनला वाटण्याजोगे बोलणे झाले होते. तेही निघाले क्रिस्टल्सच्याच नावाने. त्यानंतर १९६३ मध्ये एकदाचे तिचे नाव तबकडीवर आले, आणि ते नावसुद्धा स्पेक्टरनेच ठेवलेले होते, डार्लीन लव्ह. त्याच वर्षी तिने नाताळचे एक गाणे गायिले. 'ख्रिसमस, बेबी प्लीज कम होम' असे त्याचे नाव. ज्या संग्रहात ते होते तो बाजारात आला २२ नोव्हेंबर १९६३ रोजी. त्याच दिवशी अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. देश शोकात असताना नाताळची गाणी कोण घेणार? संग्रह पडला. पुढे मात्र त्याच गाण्याशिवाय तिकडे नाताळ होईनासा झाला.

मधली वर्षे मागे गाण्यात गेली. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत काम इतके आटले की डार्लीन लव्ह लॉस एंजेलिसमधल्या श्रीमंतांच्या घरी सफाईचे काम करू लागली. असेच एका घरी न्हाणीघर घासत असताना रेडिओवर तिचेच नाताळचे गाणे लागले. हे तिने स्वतः अनेकदा सांगितले आहे. हातात ब्रश, आणि भिंतीपलीकडे वीस वर्षांपूर्वीचा स्वतःचा गळा. आपल्या वस्तीतल्या किती भगिनी लोकांची घरे स्वच्छ करतात हे येथे बसलेल्यांना सांगायला नको, म्हणून या प्रसंगावर आम्ही अधिक बोलत नाही. तिने तेव्हा ठरवले की आपण गायला परत जायचे.

ती गेली. न्यूयॉर्कला रंगभूमीवर उभी राहिली. १९८६ पासून दर नाताळात डेव्हिड लेटरमन यांच्या कार्यक्रमात ती ते गाणे म्हणू लागली, आणि एखाद-दुसरे वर्ष वगळता २०१४ पर्यंत म्हणत राहिली. १९९३ साली तिने स्पेक्टरवर दावा लावला. १९९७ साली निकाल तिच्या बाजूने लागून सुमारे २,६३,००० डॉलर तिला मंजूर झाले. बँकेतल्या माणसाच्या नजरेतून सांगतो, हा निकाल जेवढा आनंदाचा तेवढाच जिवाला लागणारा आहे. मुदतीच्या कायद्यामुळे तिला १९८७ नंतरचीच रॉयल्टी मागता आली. त्याआधीची जवळजवळ पंचवीस वर्षे, म्हणजे गाणी सर्वांत जास्त खपली तो काळ, हिशेबातच आला नाही. देणे खरे होते पण मुदतबाह्य झाले! २०११ साली तिचे नाव रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतले गेले. स्पेक्टर एका स्त्रीच्या खुनाबद्दल २००९ मध्ये दोषी ठरला आणि कैदेत असतानाच २०२१ मध्ये मरण पावला.

दुसरी गायिका न्यू ऑर्लिन्सची. तिचा जन्म २५ डिसेंबर १९४८ चा. नाताळच्या दिवशी झाली म्हणून नाव ठेवले मेरी, म्हणजे आनंदी. मेरी क्लेटन. तिचे वडीलही धर्मोपदेशक. रे चार्ल्सच्या मागे गाणाऱ्या 'रेलेट्स'मध्ये ती होती.

१९६९ च्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. रात्री उशिरा तिच्या घरी फोन आला. इंग्लंडहून आलेल्या काही पोरांना एका गाण्यात बाईचा आवाज हवा आहे, येशील का? ती गरोदर होती, अंथरुणावर पडली होती. नवरा म्हणाला, जाऊन ये. केसांना कर्लर लावलेले तसेच ठेवून, रात्रीच्या कपड्यांवर कोट चढवून ती स्टुडिओत गेली. ती पोरे म्हणजे रोलिंग स्टोन्स, आणि गाणे 'गिम्मी शेल्टर'. युद्ध, आग, खून, बलात्कार, असे सगळे त्या गाण्यात आहे. पोट जड असल्यामुळे ती उंच स्टुलावर बसून गायली. आधी एकदा, मग पुन्हा वरच्या पट्टीत. जोर इतका की आवाज फाटला, आणि तो फाटलेला आवाज तसाच तबकडीवर ठेवला गेला. काम आटोपून ती घरी परतली. त्यानंतर तिचा गर्भपात झाला. त्या रात्रीच्या ताणाशी त्याचा संबंध अनेकांनी लावला आहे. आम्ही डॉक्टर नाही, आम्ही तो लावत नाही. एवढे खरे की पुढे बरीच वर्षे तिला ते गाणे ऐकवत नसे.

तबकडी निघाली तेव्हा तिचे नाव चुकीचे छापले गेले. आनंदी या अर्थाच्या मेरीऐवजी येशूच्या आईचे मेरी. आपल्या लिपीत दोन्ही सारखीच लिहिली जातात, म्हणून आपल्याला चूक दिसत नाही, पण इंग्रजीत अक्षरे वेगळी आहेत. ज्या बाईने त्या गाण्याला गाणे केले तिचे पाच अक्षरी नाव एकदा विचारून घ्यायलाही कोणाला सवड झाली नाही.

मेरी क्लेटनचीच आणखी एक हकिकत आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते. नील यंग या गायकाने दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या अत्याचारांवर 'सदर्न मॅन' नावाचे गाणे लिहिले होते. १९७१ साली मेरी क्लेटनने ते स्वतःच्या संग्रहात गायिले. मग दक्षिणेतल्या लिनर्ड स्किनर्ड या गोऱ्या मुलांच्या वाद्यवृंदाने नील यंगला उत्तर म्हणून 'स्वीट होम अलाबामा' रचले आणि त्यामागे गाण्यासाठी बोलावणे आले क्लायडी किंग आणि मेरी क्लेटन यांनाच! अलाबामा म्हणजे कोणते राज्य? ज्याच्या बर्मिंगहॅम शहरात १५ सप्टेंबर १९६३ रोजी चर्चमध्ये बॉम्ब ठेवून चार काळ्या मुलींना मारले गेले ते. मेरी क्लेटन प्रथम नको म्हणाली. मग दोघींनी विचार केला आणि गेल्या. आपण गाऊ आणि आपला निषेध त्या गाण्यातच घालू, असे तिने त्याबद्दल पुढे सांगितले. १९७४ साली ते गाणे सगळीकडे वाजू लागले आणि आजही वाजते. अलाबामाचा अभिमान मिरवणारे लोक ज्या जागी सुरात सूर मिळवतात, तेथे दोन काळ्या बायका गात असतात. निषेध म्हणून हे पुरेसे होते का, यावर आमचे आमच्या मित्रांशी वाद झाले आहेत. आमचे म्हणणे असे की पोटासाठी काम घ्यावे लागणाऱ्या माणसाला निषेधाची जागा निवडायची मुभा नसते, मिळाली त्या जागेवरच तो करावा लागतो.

आता कोणी म्हणेल की हा सगळा गोऱ्यांचा कावा. तसेही नाही. डेट्रॉइट शहरात बेरी गॉर्डी या काळ्या माणसाने १९५९ साली मोटाउन ही कंपनी काढली, आणि काळ्या कलावंतांना तिने जगभर नेले. हे मोठे काम आहे, ते नाकारू नये. पण त्याच कंपनीत जॅकी हिक्स, मार्लीन बॅरो आणि लूवेन डेम्प्स या तिघींचा 'अँडांटीज' नावाचा गट होता. मेरी वेल्सचे १९६४ चे 'माय गाय', फोर टॉप्सचे १९६६ चे 'रीच आउट', मार्विन गे याचे 'ग्रेपव्हाइन', सगळ्यांच्या मागे याच तिघी. १९६८ साली सुप्रीम्सचे 'लव्ह चाइल्ड' पहिल्या क्रमांकावर गेले. कव्हरवर सुप्रीम्स तिघी आहेत, पण तबकडीवर डायना रॉसच्या मागे जे आवाज आहेत ते इतर दोघींचे नाहीत, अँडांटीजचे आहेत. त्यांच्या स्वतःच्या नावाची एकच तबकडी १९६४ मध्ये निघाली, तिची जाहिरातही धड झाली नाही. १९७२ साली कंपनी आपले बिऱ्हाड लॉस एंजेलिसला घेऊन गेली आणि अँडांटीज डेट्रॉइटमध्येच राहिल्या. पगार घेतला, रॉयल्टी नाही. मालक आपला असला म्हणून वहीतली नोंद आपोआप बरोबर होत नाही, हे आपल्याही संस्थांना सांगायला हरकत नसावी.

एक प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. ठरलेली मजुरी तर मिळाली ना? गवंडी घर बांधतो, त्याला पुढे भाड्यात वाटा कोण देतो? प्रश्न खोटा नाही. मागे गाणाऱ्यांना संघटनेने ठरवलेला दर मिळे, आणि चांगल्या दिवसांत काहींनी त्यावर घरेही घेतली. सगळ्यांना पुढे यायचे होते असेही नव्हे. लिसा फिशरला १९९२ साली स्वतःच्या गाण्याबद्दल ग्रॅमी मिळाले. तरीही १९८९ पासून २०१५ पर्यंत ती रोलिंग स्टोन्सच्या दौऱ्यांत मागेच गात राहिली आणि त्यात आपण सुखी आहोत असे सांगत राहिली. तिच्या निवडीचा आम्ही मान राखतो. पण गवंड्याने बांधलेल्या घरावर दुसऱ्याच गवंड्याची पाटी कोणी लावत नाही. डार्लीन लव्हचे भांडण मजुरीपुरते नव्हते, पाटीचेही होते.

ही पाटीची लबाडी जुन्या काळातच होत होती असे समजू नका. मार्था वॉश ही सॅन फ्रान्सिस्कोची गायिका, अंगाने भरभक्कम, आवाज त्याहून. १९९० साली सी अँड सी म्युझिक फॅक्टरीने तिच्याकडून ठरावीक पैशांत गाऊन घेतले, आणि १९९१ च्या फेब्रुवारीत ते गाणे पहिल्या क्रमांकावर गेले. चित्रफितीत मात्र एक सडपातळ तरुणी ओठ हलवत होती. ब्लॅक बॉक्स नावाच्या इटालियन गटानेही तिच्याबाबत हेच केले. म्हणजे गळा चालतो, शरीर चालत नाही. मार्था वॉश गप्प बसली नाही. ती न्यायालयात गेली. तडजोडी झाल्या, श्रेय मिळाले, एका कंपनीने स्वतंत्र संग्रहाचा करार केला. त्यानंतर कोण गायले हे चित्रफितीवर स्पष्ट लिहिण्याकडे कंपन्यांना लक्ष द्यावे लागले.

आता हिशेबाचे एक कलम, आणि मग आम्ही थांबतो. अमेरिकेत नेहमीच्या रेडिओवर गाणे वाजले की गीतकार-संगीतकाराला पैसे मिळतात, गाणाऱ्याला एक सेंटही मिळत नाही, मुख्य गायकालासुद्धा नाही. हा कायदा आजही तसाच आहे. उपग्रहावरून किंवा इंटरनेटवरून चालणाऱ्या रेडिओसाठी १९९५ पासून वेगळी तरतूद झाली. तिथल्या शंभर डॉलरपैकी पन्नास कंपनीचे, पंचेचाळीस मुख्य कलावंताचे आणि पाच मागच्यांचे. त्या पाचांतले अडीच वादकांना, अडीच गायकांना. आकडा लहान आहे. पण त्या अडीच डॉलरसाठी गाण्यामागे कोण गायले याची यादी ठेवावी लागते, आणि ज्यांची नोंद कोठेच नव्हती अशा बायकांची नावे त्या निमित्ताने शोधावी लागतात.

२०१३ साली मॉर्गन नेव्हिल यांनी या गायिकांवर 'ट्वेंटी फीट फ्रॉम स्टारडम' हा माहितीपट केला, त्याला २०१४ च्या मार्चमध्ये ऑस्कर मिळाले. डार्लीन लव्हने त्या व्यासपीठावर चर्चमधल्या एका भक्तिगीताचा तुकडा वाद्यांशिवाय म्हटला आणि सगळे सभागृह उभे राहिले. त्याच वर्षी मेरी क्लेटनला मोटारीचा अपघात झाला आणि दोन्ही पाय गुडघ्याखाली गमवावे लागले. शुद्धीवर आल्यावर तिने प्रथम विचारले की आवाजाला काही झाले का. २०२१ साली तिचा नवा संग्रह निघाला.

अध्यक्षांच्या परवानगीने चहापूर्वी 'गिम्मी शेल्टर' लावण्याची व्यवस्था केली आहे. शब्द कळले नाहीत तरी चालेल. साधारण तीन मिनिटे झाली की बाईचा आवाज वर चढत जातो आणि फाटतो. त्याच क्षणी मागे एका पुरुषाचा चकित झालेला उद्गार ऐकू येतो, तो मिक जॅगरचा. गाण्यात तो उद्गार ठरवून घातलेला नव्हता. मागच्या खुर्च्यांवरील मंडळींनी कृपया पुढे सरकावे, स्पीकर लहान आहे.

जयभीम.